श्रावक आणि व्यवहार : शिकारीच्या मांसाचे दान



अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात दुकान चालविणाऱ्या आपल्या समाजातील एका गृहस्थांनी प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या गावच्या व्यापारी मंडळाने वर्गणी काढली. शिकाऱ्यांनी दिलेली हरणे कापून त्यांचे मांस गरिबांच्या अन्नपेढीला पोहोचविण्यासाठी ती आहे. ‘आम्ही मारीत नाही, खात नाही, विकीत नाही, भुकेल्याच्या मुखी घास जातो. मग पैसे दिले तर दोष कोणता?’ असे ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. कानांवर हात ठेवून तो टाळता येणार नाही.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेऊ. पेनसिल्व्हेनियात १९९१ पासून ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही संस्था हे काम करते. मेरीलँडमध्ये १९९७ साली याच स्वरूपाची दुसरी संस्था निघाली. शिकारी परवाना काढतो, ठरलेल्या हंगामात हरिण मारतो आणि नेमलेल्या खाटकाकडे नेऊन देतो. खाटीक त्याचा खिमा करून अन्नपेढीकडे पाठवितो आणि आपली मजुरी दात्यांच्या निधीतून घेतो. म्हणजे हरिण फुकट येते, कापणे मात्र फुकट नसते. वर्गणीची चिठ्ठी हातात आली की हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

कायद्याने हे दान तेथे वैध आहे. विक्री मात्र नाही. रानातल्या हरणाचे मांस शिकाऱ्याला बाजारात मांडता येत नाही. तेथील उपाहारगृहांत हरणाचे मांस मिळते ते पाळीव कळपांचे, आणि त्यातले पुष्कळसे न्यूझीलंडहून येते. या बंदीमागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात धंदेवाईक शिकारी रेल्वेने मांस आणि कातडी शहरांत पाठवीत. शतक संपता संपता पांढऱ्या शेपटीची हरणे साऱ्या देशात काही लाखच उरली. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याराज्यांतील वाहतूक रोखली, राज्यांनी विक्री बंद केली, हंगाम बांधून दिले. आज तीच हरणे सुमारे तीन कोटी आहेत. शिकार तेथे थांबली नाही, बाजार थांबला. आणि तेवढ्यानेही केवढा फरक पडला! आपल्यासारख्या व्यापारी घरांनी यावर दोन घटका विचार करावा.

दान वैध असले तरी निर्धोक असतेच असे नाही. २००८ साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टराने दान आलेल्या खिम्याची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा त्यात गोळीच्या शिशाचे बारीक कण आढळले. आरोग्य खात्याने अन्नपेढ्यांना तो साठा टाकून द्यावयास सांगितले. गरिबाला दिलेले अन्न तपासून द्यावे, ही गोष्ट कोणत्याही धर्माला मान्य व्हावी.

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्याकडे हिंसेचा विचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी होतो. गृहस्थांनी ‘मारीत नाही’ म्हटले, ते कृतापुरते झाले. परंतु खाटकाची मजुरी भरणे म्हणजे ते काम आपल्या पैशाने करवून घेणे. ‘हरिण तर आधीच मेलेले आहे’ हा युक्तिवाद आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथापुढे टिकत नाही. आपोआप मेलेल्या प्राण्याच्या मांसातही त्यांनी हिंसा सांगितली आहे. इतकेच नव्हे, समोर भुकेला उभा आहे म्हणून स्वतःचे मांस देण्यासाठी आपल्या देहाचा घात करणेही त्यांनी निषिद्ध ठरविले. मांसदानाचा प्रश्न आजचा नाही, हे यावरून ध्यानात यावे.

तथापि त्या शिकाऱ्याला दुष्ट ठरविण्याची घाई नको. तेथे लांडगे बहुतेक प्रदेशांतून नाहीसे केले गेले, हरणे शेते खातात, रस्त्यांवर गाड्यांना धडकून माणसेही मरतात. या अडचणी खऱ्या आहेत. मोबदला न घेता शेजाऱ्याच्या घरी अन्न पोहोचविणाऱ्या माणसाच्या मनात करुणा नाही, असे आम्ही म्हणणार नाही. त्याची करुणा माणसाच्या दारापर्यंत पोहोचते, हरणापर्यंत पोहोचत नाही. आपली तेथपर्यंत जावी, एवढाच आपला आग्रह. आणि तो वर्गणी नाकारून पूर्ण होत नाही. नुसता नकार देणारा व्यापारी त्या गावात कंजूष ठरेल, आणि भुकेला भुकेलाच राहील.

म्हणून आमचे उत्तर असे. जेवढी वर्गणी मागितली असेल तेवढीच, जमल्यास सवाई, थेट अन्नपेढीला द्यावी. ती डाळ, तांदूळ, तेल, शेंगदाण्याचे लोणी यांसाठी वापरावी असे पत्रात स्पष्ट लिहावे. असे विशिष्ट कारणासाठी दिलेले दान स्वीकारता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. शक्य तर पैशाऐवजी पोतीच पाठवावीत. मंडळाच्या अध्यक्षांना भेटून कारण सांगावे, पत्रातून नव्हे. शेजारी शिकाऱ्याने प्रेमाने मांसाची पुडी आणली, तर आभार मानून ‘आमच्या घरात चालत नाही’ म्हणावे. तेथील माणसे याचा राग धरीत नाहीत.

जाता जाता येथील बांधवांसाठी. अमेरिकेतील ही मोकळीक भारतात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे, आणि मारलेल्या प्राण्याचे मांस सरकारी मालमत्ता ठरते. विकले काय किंवा वानोळा म्हणून वाटले काय, दोन्ही सारखेच. मांस ज्याच्या ताब्यात सापडेल, ते बेकायदा नाही हे त्यानेच सिद्ध करावयाचे असते. काळवीट किंवा चिंकारा असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे, आणि गुन्ह्यात वापरलेले वाहनही जप्त होते. आपल्या टेम्पोत, शीतगृहात किंवा गोदामात कोणाचे ‘पार्सल’ ठेवावयाचे असेल, तर आत काय आहे ते उघडून पाहिल्यावाचून ठेवू नये.