गाडी खंडाने घेताय? मग खंडाचा कागद नीट वाचा

"शून्य डाउन पेमेंट. इन्शुरन्स आमचा, सर्व्हिसिंग आमचं. तुम्ही फक्त चालवा." ही जाहिरात गेले काही महिने बार्शीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतेय. माझ्या इनबॉक्समध्येही त्यावर प्रश्न येऊन पडलेत. विचारणारे कोण, तर झेडपीचे शिक्षक, मेडिकलवाले, एक आडतदार आणि पुण्यात नोकरीला असलेली आपल्याकडची पोरं. सगळ्यांचा प्रश्न एकच: "गाडी लीजवर घ्यावी का?"

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण आठ-दहा लाखांचा व्यवहार आहे. दहा मिनिटं द्या.

आधी लीज म्हणजे काय ते आपल्या भाषेत. शेत खंडाने घेणं आपल्याला नवीन नाही. रान मालकाचं, कसणार आपण, ठरलेला खंड दरवर्षी द्यायचा आणि मुदत संपली की रान परत. गाडीचंही तेच. गाडी लीज कंपनीची, चालवणार तुम्ही, दर महिन्याला भाडं आणि दोन-चार-पाच वर्षांनी गाडी परत. यात वाईट काही नाही. मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना कित्येक वर्षांपासून अशाच गाड्या देतात. मारुतीनेही २०२० मध्ये निवडक शहरांत सर्वसामान्य ग्राहकांसाठी सबस्क्रिप्शन सुरू केलं. आता ही पद्धत तालुक्याच्या गावापर्यंत पोचतेय, एवढंच.

फरक एकच आहे. खंडाच्या रानात स्वतःच्या पैशाने कोणी विहीर खोदत नाही, कारण रान आपलं नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. लीजची गाडी मात्र आपण दारात उभी करतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो आणि ती आपली नाही हे विसरतो. घोळ तिथून सुरू होतो.

आता हिशोब. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे घालून तुम्ही स्वतः करून बघा.

समजा गाडी ऑन-रोड १० लाखांची आहे. कर्जाने घेतली तर २ लाख आपले आणि ८ लाख बँकेचे. साडेनऊ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता १६,८०० च्या आसपास येतो. साठ हप्त्यांचे १० लाख ८ हजार, त्यात आपले २ लाख. पुढच्या वर्षांचा विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून पावणेदोन लाख धरा. एकूण १३ लाख ८३ हजार.

तीच गाडी लीजवर. भाडं महिना १९,००० अधिक जीएसटी. तो १८ टक्के धरला तर महिन्याला २२,४२०. साठ महिन्यांचे १३ लाख ४५ हजार २००. विमा आणि सर्व्हिसिंग यातच.

एजंटचं कोष्टक इथे संपतं. "बघा साहेब, लीज अडतीस हजारांनी स्वस्त, वर दोन लाख तुमच्या खिशात!" आकडे खोटे नाहीत. पण कोष्टकाची शेवटची ओळच छापलेली नाही. पाच वर्षांनी कर्ज फिटलं की गाडी दारातच उभी असते आणि ती तुमची असते. विकली तर समजा साडेचार लाख आले. ते वजा केले की कर्जाच्या गाडीचा खरा खर्च राहतो ९ लाख ३३ हजार. म्हणजे लीज चार लाखांनी महाग पडली.

कोणी म्हणेल, डाउन पेमेंटचे दोन लाख एफडीत ठेवले असते तर? बरोबर, तेही मोजू. साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षांत ७४ हजारांच्या आसपास व्याज मिळेल. गाडी साडेचारऐवजी साडेतीन लाखांनाच गेली असंही धरू. तरी लीज सव्वादोन लाखांच्या वर महाग राहते. पाच वर्षं डोक्याला ताप नको म्हणून कोणी एवढे पैसे मोजायला तयार असेल तर त्याची मर्जी. पण मोजतोय हे त्याला माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

हे झालं सगळं सुरळीत चाललं तर. खरी अडचण अटींत आहे. त्यातल्या चार अटी आपल्यासारख्या गावातल्या माणसाला जास्त लागतात.

१) किलोमीटरची मर्यादा. समजा करारात वर्षाला १५,००० किलोमीटर आहेत. पुण्या-मुंबईत घर ते ऑफिस करणाऱ्याला ते पुरतील. आपलं काय? आठवड्यातून एकदा सोलापूर म्हटलं तरी जाऊन-येऊन १४० किलोमीटर, वर्षाचे ७,२८०. महिन्यातून एकदा पुणे, साधारण ४३० धरले तर ५,१६०. गावातली आणि रानातली ये-जा रोजची १५ किलोमीटर, म्हणजे ५,४७५. बेरीज १७,९१५. यात लग्नसराई नाही, तुळजापूर-पंढरपूर नाही, दवाखान्याची धावपळ नाही. जादा किलोमीटरला ८ रुपये दर असेल तर वर्षाला २३,३२० रुपये. पाच वर्षांत एक लाख सोळा हजार. जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांत हे नसतं.

२) मध्येच गाडी परत करणं. शिक्षकाची बदली झाली, आडतदाराचा हंगाम बसला, घरात आजारपण आलं. आपली गाडी असती तर विकून कर्ज मिटवलं असतं. लीजमध्ये विकता येत नाही, कारण ती आपली नाही. परत करायची तर करारात लिहिलेला दंड भरावा लागतो. कुठे तो ठरावीक महिन्यांचं भाडं असतो, कुठे उरलेल्या भाड्याचा काही टक्के भाग. सही करण्याआधी एजंटला सरळ विचारा, "अठराव्या महिन्यात गाडी परत केली तर मी किती रुपये द्यायचे?" आकडा रुपयांत आणि लेखी घ्या. "बघू की तेव्हा, आपलीच माणसं आहेत" हे उत्तर नाही.

३) परत देतानाची तपासणी. वापराने होणारी साधारण झीज चालते, त्यापलीकडच्या नुकसानीचे पैसे घेतले जातात. साधारण म्हणजे किती, ते कोण ठरवणार? आपल्या रस्त्यांवरून हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, खडी उडते, वाड्या-वस्त्यांवर बाभळीच्या फांद्या गाडीला घासतात. आपल्याकडे ही साधारण झीज आहे. मोठ्या शहरातल्या तपासनिसाला ती तशी वाटेलच असं नाही. गाडी घेताना चारही बाजूंनी तारखेसह फोटो-व्हिडिओ काढा. कुठल्या ओरखड्याला किती कापणार त्याचा तक्ता आधीच मागून घ्या.

४) चोरी किंवा मोठा अपघात. गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी पॉलिसीतल्या घोषित किमतीप्रमाणे पैसे देते. लीज कंपनीचं येणं त्यापेक्षा जास्त असेल तर वरचा फरक कोणी भरायचा? पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? झिरो डेप आहे का? क्लेमच्या वेळी आपल्या खिशातून किती जाणार? ही उत्तरं कागदावर हवीत.

मालकीचं आणखी एक कोडं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) मध्ये 'मालक' कोण ते सांगितलंय. गाडी लीजच्या करारावर असेल तर त्या करारानुसार जिच्या ताब्यात गाडी, ती व्यक्ती मालक. म्हणजे जबाबदारीचा प्रश्न आला की तुम्ही मालक आणि विकायची म्हटलं की मालक कंपनी! म्हणून आरसी बुक नीट बघा. नाव कोणाचं आहे, लीजची नोंद आहे का. नंबर प्लेटही बघा. खासगी गाडीची पांढरी असते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला भाड्याने देण्याची व्यावसायिक गाडी. दोन्हींच्या विम्याचे आणि कराचे नियम वेगळे आहेत.

व्यापारी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. "भाड्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल" असं कोणी सांगितलं तर आधी आपल्या सीएंना विचारा. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीच्या भाड्यावर, टॅक्सी किंवा ड्रायव्हिंग स्कूलसारखे अपवाद सोडले तर, ते क्रेडिट मिळत नाही. कापड दुकानाच्या मालकाला तर नाहीच नाही.

मग लीज कोणी घ्यावी? ज्याला गाडी दोनच वर्षं हवी आहे, पुढे परदेशी किंवा दुसऱ्या राज्यात जायचंय, त्याने विचार करावा. नव्या गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच जास्त पडते, ती पड आणि विकायची कटकट दोन्ही वाचतात. पुण्यातल्या पोरांना कंपनी पगारातून लीज देत असेल तर करात किती वाचतं ते एचआरकडून आकड्यांत घ्या. नोकरी सोडली तर गाडीचं काय, हेही तेव्हाच विचारा. आणि जो एक गाडी दहा-बारा वर्षं वापरतो, म्हणजे आपल्यातले बहुतेक जण, त्याने लीजच्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुद्द्याचं. ही पोस्ट फक्त सल्ला द्यायला लिहिलेली नाही.

तुम्ही बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून गाडीसाठी कर्ज घेतलंत तर रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार तुम्हाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना हे लागू आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, कुठले चार्जेस कधी लागणार, हे त्यात एका ठरलेल्या नमुन्यात येतं. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत येतं. वाचून विचार करायला मुदतही मिळते. चांगला नियम आहे. आपल्याकडे किती शाखा तो मनापासून पाळतात हा वेगळ्या पोस्टचा विषय.

पण हा नियम कर्जाचा आहे. गाडी भाड्याने देण्याचा करार म्हणजे कर्ज नव्हे. पाच वर्षांत तेरा-साडेतेरा लाख तुमच्या खात्यातून जाणार, तरी एका पानावर मराठीत हिशोब द्यायचं बंधन नाही. हातात पडतो तो बारीक अक्षरांचा इंग्रजी करार आणि मोबाइलवर ओटीपी टाकून होणारी सही. माझ्या माहितीतल्या एका शिक्षकांनी मला दाखवलेला करार बत्तीस पानांचा होता. त्यातली किलोमीटरची अट सव्विसाव्या पानावर होती. सर स्वतः इंग्रजी शिकवतात, त्यांनाही ती दोनदा वाचावी लागली.

म्हणून मागणी साधी आहे. कर्जासारखंच लीजलाही एक पान सक्तीचं करा, ग्राहकाच्या भाषेत. त्यावर सहा गोष्टी: मुदतीअखेर जाणारी एकूण रक्कम जीएसटीसह, डिपॉझिट आणि ते परत मिळायची मुदत, किलोमीटरची मर्यादा आणि जादा दर, मध्येच सोडण्याचा दंड वर्षागणिक रुपयांत, परत देतानाच्या कपातीचा तक्ता, आणि चोरी-अपघातात फरक कोणाचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पुढे चार्जेस वाढवत नेणं त्यात चुकीचं ठरवलंय. तोच न्याय लीजच्या कराराला लावायला काय हरकत आहे? आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. आपल्याकडच्या ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी निवेदन द्यावं, ते लिहायला मी बसेन.

तोवर ज्यांनी सही करून टाकलीय त्यांनी घाबरू नका. करारात "वाद झाल्यास लवाद मुंबईत किंवा दिल्लीत" असं लिहिलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे दिल्लीला जायची गरज नाही, सोलापूर पुरे. पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर जपून ठेवा.

तुमच्याकडे असा करार किंवा कोटेशन असेल तर नाव, नंबर, सही झाकून मला पाठवा. पाच-सहा जमले की दरांचा आणि अटींचा तक्ता करून इथेच टाकतो. आणि ज्यांना लीजचा चांगला अनुभव आहे त्यांनीही कॉमेंटमध्ये जरूर लिहा, दुसरी बाजूही लोकांना कळू द्या. फक्त एक विनंती: "गाडी मस्त आहे" एवढंच लिहू नका. महिन्याला किती जातात आणि परत देताना किती कापले, ते आकडे लिहा.