कचरा हलला, जमीन तिथेच!

जबलपूरच्या मदन महल टेकड्यांवरील अतिक्रमणे हटवा, असा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिला आणि २०१८-१९ च्या सुमारास शेकडो कुटुंबांना तेथून हलविण्यात आले. गोंड राजवटीचा किल्ला आणि त्याभोवतीचे प्राचीन खडक मोकळे व्हावेत, या हेतूविषयी वाद असण्याचे कारण नाही. पण त्याच न्यायालयात, मदन महल स्थानकापासून काही किलोमीटरवर असलेल्या त्याच वास्तूत, २००४ पासून आणखी एक प्रकरण चालू होते. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील विषारी कचऱ्याचे आणि त्याखालच्या जमिनीचे. तेथील ३३७ टन कचरा जागचा हलायला वीस वर्षे लागली. झोपडी हटवायची तर पैसा, पोलिस आणि अधिकार सरकारजवळ तयार असतात. कारखान्याची जमीन साफ करायची म्हटली की यांपैकी काहीच तयार नसते.

वायुदुर्घटना २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री घडली. पण जमिनीचे दुखणे त्याआधीचे आहे. कीटकनाशकांच्या उत्पादनातून निघणारा विषारी गाळ कारखान्याच्या आवारात आणि बाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत वर्षानुवर्षे टाकला जात होता. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. तिच्या केंद्रस्थानी होती ती मृतांची आणि जखमींची भरपाई; माती आणि भूजल कोणी साफ करायचे, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. मूळ कंपनीने १९९४ मध्ये भारतातील हिस्सा विकला आणि १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली. २००१ मध्ये अमेरिकेतील डाऊ कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली. सफाईपोटी डाऊने १०० कोटी रुपये आगाऊ जमा करावेत, असा अर्ज केंद्राच्या रसायन मंत्रालयाने २००५ मध्ये जबलपूरच्या न्यायालयात केला. आपण त्या जबाबदारीचे वारस नाही, ही कंपनीची भूमिका कायम राहिली आणि ते पैसे आले नाहीत.

मधल्या काळात विलंबाची किंमत वाढत गेली. २०१२ मध्ये हा कचरा जर्मनीत नेऊन जाळण्याचा प्रस्ताव मंत्रिगटाने सुमारे २५ कोटी रुपये खर्चाला मान्य केला होता. अटींवर एकमत न झाल्याने जर्मन संस्था मागे फिरली. पुढे तेच काम देशात करण्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख! ३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली, तेव्हा कोठे १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर पिथमपूरकडे निघाले. तेथे विरोधाचा भडका उडाला; तरीही चाचण्या होऊन जूनअखेर कचरा जाळून झाला. पैसा भारतीय करदात्याचा होता. ज्याने घाण केली त्याने ती साफ करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच या देशाच्या कायद्याचा भाग मानले होते.

ही वर उचलता येण्यासारख्या कचऱ्याची गोष्ट झाली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, हैदराबादच्या भूभौतिक संस्थेसह केलेल्या अभ्यासात या परिसरातील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन असा दिला होता. ही माती भट्टीत घालावी लागेलच असे नाही, त्यामुळे ३७ लाखांचा गुणाकार येथे लागू पडत नाही. पण ३३७ टनांसाठी ज्या व्यवस्थेला दोन दशके लागली, तिच्याकडून ११ लाख टनांची अपेक्षा कोणत्या बळावर धरायची?

या प्रश्नाला केंद्राने दिलेले उत्तर म्हणजे २४ जुलै २०२५ चे दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम. ज्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते आले, तो भोपाळनंतर १९८६ मध्ये झाला. म्हणजे नियमांना ३९ वर्षे लागली. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करायचे, जबाबदार व्यक्ती शोधून तिच्याकडून खर्च घ्यायचा, असा हा क्रम आहे. खाणी, किरणोत्सारी कचरा आणि शहरांचे कचरा डेपो सामान्यतः यातून वगळले आहेत. चौकट नेटकी आहे, हे मान्य करायला हवे. मात्र तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत घालणाऱ्या नियमांत प्रत्यक्ष सफाई केव्हा पुरी व्हावी, याला मुदत नाही. देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या असून नियम आले तेव्हा काम सुरू झालेल्या जागा अवघ्या सात होत्या.

आणि पैसा? जबाबदार व्यक्ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली तर खर्चाची व्यवस्था केंद्र आणि राज्य यांनी करायची आहे. म्हणजे प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र फाईल, वित्त विभागाचे शेरे आणि केंद्र-राज्यांची टोलवाटोलवी. अमेरिकेने लव्ह कॅनाल प्रकरणानंतर १९८० मध्ये 'सुपरफंड' कायदा केला, तेव्हा तेल व रसायन उद्योगावर कर बसवून निधी आधीच उभा केला होता. तो कर १९९५ मध्ये संपला, निधी आटला आणि भार सामान्य करदात्यावर आला. अखेर २०२१ च्या कायद्याने कर पुन्हा आणावा लागला. आपल्याकडेही २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपयांचा अधिभार आला, पुढे तो ४०० रुपयांवर गेला आणि दूषित जागांची सफाई हाही त्या निधीचा एक उपयोग मानला गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर तो राज्यांच्या नुकसानभरपाईत विरून गेला. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला आणि दंडाच्या रकमेतून निधीची सोय केली. पण १५ लाखांच्या दंडातून भोपाळच्या सफाईचा खर्च भागणार नाही. त्यासाठी रसायन उद्योगावर उत्पादनाच्या प्रमाणात, कायद्याने बांधलेला आणि अन्यत्र वळविता न येणारा अधिभारच लागेल. उद्योग कुरकुर करतील. पण बंद पडणाऱ्या कारखान्याचा मालक उद्या कोठे असेल, हे त्यांच्याइतके कोण जाणते?

दुसरी मेख जिल्हा कार्यालयात आहे. जी जागा संशयित म्हणून यादीत जाईल तिचा भाव पडेल, औद्योगिक भूखंडाचा लिलाव अडेल आणि मंत्रालयातून विचारणा होईल. नाव न पाठविणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र कोणी जाब विचारणार नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीवरून २००६ पर्यंत न्यायालयात घनघोर वाद झाला तो वाट्याचा आणि मोकळ्या जागेचा. त्या जमिनीत काय मुरले आहे, याची चर्चा क्वचितच झाली. जबलपूरमध्ये १९०४ पासून तोफगाडा कारखाना आहे, खमरियाचा दारूगोळा कारखाना आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही. पण मालकी बदलतानाच मातीची तपासणी करून नोंद ठेवली, तर पन्नास वर्षांनी वारस शोधत न्यायालयात जावे लागत नाही. १९९८ मध्ये भोपाळची जमीन ताब्यात घेताना ती नोंद आणि सफाईची हमी आधी मागायला हवी होती.

पिथमपूरच्या भट्टीतून आता आठशे टनांहून अधिक राख आणि अवशेष निघाले आहेत. ते कोठे पुरायचे, यावरून जबलपूरच्या न्यायालयात पुन्हा प्रश्न उभे राहिले.