खापर ब्लेझ बेलीवरच का?

'आयर्न मेडन' या इंग्लंडमधल्या हेवी मेटल बँडविषयी एक मत वर्षानुवर्षे खपत आले आहे. १९९३ साली गायक ब्रूस डिकिन्सन सोडून गेला, त्याच्या जागी ब्लेझ बेली आला आणि सारे बिघडले. १९९९ साली डिकिन्सन परतला आणि सारे सावरले. मार्च २००७ मध्ये बंगळुरूला या मंडळींचा कार्यक्रम झाला, तेव्हा आमच्या शाळेची काही माजी मुले रात्रीची बस पकडून गेली होती. त्यांच्याही तोंडी हेच. मला हे मत सोयीचे वाटते, खरे वाटत नाही.

अल्बमवर प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरांत रचनाकारांची नावे छापलेली असतात. ती कोणी वाचतो का? बँडचा संस्थापक, बास गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅरिस हा मुख्य रचनाकार. त्याचा ओढा लांबलचक, कथानकासारख्या गाण्यांकडे. त्याला तोल दिला तो गिटारवादक एड्रियन स्मिथने. 'टू मिनिट्स टु मिडनाइट' (१९८४) त्याने डिकिन्सनसोबत रचले, 'वेस्टेड इयर्स' (१९८६) एकट्याने. हा स्मिथ गेला १९९० साली. म्हणजे घराचा एक वासा काढला गेला तेव्हा डिकिन्सन घरातच होता!

कोणी म्हणेल, १९९२ चा 'फिअर ऑफ द डार्क' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, मग घसरण कुठली? क्रमांक जुन्या पुण्याईवरही मिळतो.

आता बेलीचे दोन अल्बम घ्या. १९९५ चा 'दि एक्स फॅक्टर' ब्रिटनमध्ये आठव्या स्थानी थांबला, १९९८ चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळाव्या. या दुसऱ्या अल्बममधले 'दि एंजल अँड द गॅम्बलर' जवळजवळ दहा मिनिटे चालते आणि तेच ध्रुवपद घोळवत राहते. ते हॅरिसने एकट्याने रचलेले; शिव्या मात्र बेलीने खाल्ल्या. बेलीचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. कार्यक्रमांत त्याला डिकिन्सनच्या चढ्या आवाजासाठी बांधलेली जुनी गाणी म्हणावी लागली. एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्याला चढवायचा आणि शिंप्याला सोडून अंगालाच नावे ठेवायची, हा कुठला न्याय? शिवाय ज्या काळाला हे लोक उजाड म्हणतात, त्यातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही गाणी परतलेल्या डिकिन्सनने २००१ साली रिओच्या मैदानात स्वतः गायली.

आणि १९९९ साली परतला तो एकटा डिकिन्सन नव्हे; स्मिथही परतला. त्याच्या जागी आलेल्या यानिक गर्सलाही काढले नाही. तीन गिटारी झाल्या. २००० सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधले पहिलेच गाणे स्मिथ, हॅरिस आणि डिकिन्सन या तिघांच्या नावावर आहे. सावरले ते या एकत्र बसण्याने.

शाळेचा निकाल घसरला की पालक नव्या शिक्षकाकडे बोट दाखवतात. आधी कोण सोडून गेले, वेळापत्रक कोणी आखले, हे कोणी विचारत नाही. बेलीचे तसेच झाले. निवाडा देण्याआधी ती बारीक अक्षरे वाचावीत, एवढेच मागणे.