पोराची खोली आणि चार गुंठे ऊस



बारावीचा निकाल लागला, प्रवेश परीक्षेचे गुण कळाले आणि यादीत नाव नागपूरच्या कॉलेजचे निघाले की आपल्या घरात आधी पेढे वाटले जातात आणि मग फीची चर्चा सुरू होते. फी किती, हप्ते किती, बँक कर्ज देते का, यावर चार शहाणी माणसे चार दिवस बोलतात. पण पोरगं जिथे राहणार त्या खोलीत काय लागणार, त्याला किती पैसे लागणार आणि ते कुठून काढायचे, याचा हिशोब बहुतेक घरांत होतच नाही. निघायच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या बाजारात जायचे, दुकानदार काढील ते घ्यायचे आणि बिल बघून गप्प बसायचे, अशी आपली रीत पडली आहे. ही रीत मोडली पाहिजे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

बादली, मग, गादी यावर कारखान्याच्या पत्रिकेत कशाला लिहायचे, असे कुणी म्हणेल. पण फीसाठी बँक कर्ज देते. गादीसाठी बँकेत कोणी जात नाही, ते पैसे खिशातूनच जातात. आणि आपला खिसा बारमाही नाही, हंगामी आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते वेळेवर मिळाले असे धरले, तरी सोसायटीचे कर्ज आधी कापून जाते आणि मगच उरलेले आपल्या खात्यावर पडते. इकडे कॉलेजचे प्रवेश जुलै ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे बरोबर त्याच दिवसांत, जेव्हा आडसाली लागणीला बेणे, खत आणि मजुरी लागते आणि घरात दमडी नसते. मग पोराच्या गादीचे पैसे खताच्या पैशातून जातात नाही तर हातउसने घेतले जातात. त्याचा फटका पुढच्या वर्षीच्या उताऱ्याला बसतो. म्हणून हा विषय कारखान्याचाच आहे.

आता हिशोब बघू. आपल्याला रुपयापेक्षा टनाचा हिशोब लवकर कळतो, म्हणून टनातच मांडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक जाते, बाकी कपाती जातात. हिशोबापुरते टनाला २,५०० रुपये हातात पडले असे धरू. एकरी ४० टन ऊस निघाला तर गुंठ्याला एक टन पडतो. म्हणजे खोलीच्या सामानावर जे १०,००० रुपये जातात ते चार टन उसाचे, अर्थात चार गुंठे रानाचे. वर्षभर पाणी पाजलेले चार गुंठे. असे डोळ्यांपुढे आणले की दुकानात हात आपोआप आखडतो.

हे १०,००० कसे होतात? माझा अंदाज सांगतो. दुकानागणिक दर बदलतील, पण कागदावर मांडायची रीत हीच. गादी आणि उशी १,८००. दोन चादरी, अभ्रे आणि हलके पांघरूण ९००. बादली, मग, साबणाचा डबा ४००. चांगले कुलूप २५०. टेबलावरचा दिवा आणि वायरचा बोर्ड ९००. मच्छरदाणी ४५०. कपडे वाळवायची दोरी, चिमटे, हँगर २००. रेनकोट किंवा छत्री ६००. ताप, जुलाब, जखमेची औषधे ३००. हे झाले ५,८००. थंडीसाठी रजई आणि स्वेटर १,७००. उन्हाळ्यात कूलरचा आपला वाटा १,५००. अडीअडचणीला १,०००. एकूण १०,०००. मेस, फी, अनामत यांचे आकडे यात नाहीत, ते वेगळ्या पानावर मांडावेत.

यातली मुख्य गोष्ट अशी की हे पैसे एकदम लागत नाहीत. उसाला खताचे हप्ते असतात तसे या खर्चालाही तीन हप्ते आहेत. सगळे खत लागणीलाच टाकणारा शेतकरी शहाणा म्हणवत नाही, मग सगळे सामान जुलैतच का घ्यावे? पहिला हप्ता जाताना, फक्त अंग टाकायला आणि अंघोळीला लागेल तेवढा. दुसरा नोव्हेंबर-डिसेंबरात. नागपूरची थंडी कोरडी आणि बोचरी, डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तोवर आपला ऊसही तुटायला लागलेला असतो. तिसरा हप्ता मार्चमध्ये. नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. २०१३ च्या मे महिन्यात तिथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कूलर ही तिथे चैन नाही, गरज आहे. पण नवा कूलर घेऊ नका. नागपुरात हंगामापुरते कूलर भाड्याने मिळतात, आणि खोलीतल्या मुलांनी मिळून घेतला तर वाटा परवडतो. वसतिगृहात कूलर चालतो का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

आधी विचारणे ही सर्वांत मोठी बचत आहे. बहुतेक वसतिगृहांत खाट, टेबल, खुर्ची आणि कपाट असते. काही ठिकाणी गादीही मिळते. इस्त्री, शेगडी, पाणी तापवायचा रॉड यांना बऱ्याच ठिकाणी बंदी असते, आणि आपण नेमके तेच घेऊन जातो. प्रवेश पक्का झाला की वसतिगृहाच्या कार्यालयात फोन करावा, खोलीत काय आहे, काय चालत नाही, खाटेचे माप काय, हे विचारून लिहून घ्यावे. शक्य तर तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्याच भागातल्या मुलाशी बोलावे. त्याला जे ठाऊक असते ते माहितीपत्रकात नसते.

दुसरा प्रश्न, घरून काय न्यायचे आणि तिथे काय घ्यायचे. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सांगली, सातारा, पुणे, मनमाड करीत नागपूरला पोहोचते. दिवस-रात्रीचा प्रवास. त्यात गादीची वळकटी आणि बादली घेऊन चढणारा बाप मदत करीत नाही, हाल करून घेतो. घरून न्यावी ती आजीने शिवलेली गोधडी, स्टीलचे ताट-वाटी, पेला, डबा, जुनी पण दणकट पत्र्याची पेटी आणि कुलूप. गोधडीला लाजू नये. बाकीचे तिथे घ्यावे. विदर्भ हा कापसाचा मुलूख, गादी तिथे भरून मिळते. सीताबर्डीला सगळे मिळते, इतवारीच्या ठोक बाजारात भांडीकुंडी आणि कापड मिळते, महालातला बुधवार बाजार जुना आहे. हिंगणा किंवा वर्धा रोडकडची कॉलेजे शहरापासून लांब पडतात, म्हणून पहिल्याच दिवशी बापलेकाने एकदा बाजार करून मगच खोलीत जावे. नाही तर फाटकासमोरच्या दुकानात तीच बादली महाग पडते. लॅपटॉपची घाई करू नये. शिक्षकांना विचारून, गरज पडेल तसा घ्यावा.

आता कर्जाविषयी चार शब्द, जरा स्पष्ट. पीककर्जाला हात लावू नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजाचा भार शेतकऱ्यावर पडत नाही, अशी सवलत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने राज्यात आहे. ते पैसे पिकात घातले तर पीक ते फेडते. गादी-बादलीत घातले तर कोण फेडणार? मुदत चुकली की सवलतही गेली. कर्ज काढायचेच असेल तर शैक्षणिक कर्ज काढावे. त्यात वसतिगृह आणि मेसचा खर्चही धरता येतो, पण तो अर्जाच्या वेळीच अंदाजपत्रकात लिहावा लागतो. मागाहून आठवण झाली तर उपयोग नाही. म्हणून म्हणतो, कागद आधी करा.

पंजाबरावांच्याच नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी हा भत्ता मिळतो. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. आपल्यातले कितीतरी सभासद यात बसतात आणि कितीतरी जण अर्जच करीत नाहीत. अल्पभूधारकाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले खाते ही तयारी मे-जूनमध्येच करून ठेवावी. मात्र हा पैसा मागाहून हातात पडतो असे धरूनच चालावे. त्याच्या भरवशावर पहिला हप्ता ठेवू नये.

मुलींबद्दल वेगळे सांगावे लागते. २०२४ च्या जुलैपासून राज्याने, ज्यांच्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगले झाले. पण लगेच गावात बोलले जाऊ लागले की आता पोरीचे शिक्षण फुकट. फुकट नाही. फी माफ झाली, वसतिगृह माफ झाले नाही, गादी माफ झाली नाही. आणि फी वाचली म्हणून पोरीच्या सामानात हात राखायचा, पोराला मात्र मागेल ते द्यायचे, हा न्याय नव्हे. मुलीच्या यादीत दर महिन्याचे पॅड, चांगली बॅटरी, दाराला आतून लावायची जादा कडी लागते. या गोष्टी बापाने विचाराव्यात असे नाही, पण आईने यादीत लिहाव्यात आणि बापाने त्यापुढे आकडा घालावा.

मुलाच्या हातीही एक वही द्यावी. वजनकाट्याची पावती आपण जशी जपतो तशी त्याने बिले जपावीत, महिन्याला पान घरी वाचून दाखवावे. यात अविश्वास नाही. चार गुंठ्यांचा हिशोब ज्याला ठेवता येतो तोच उद्या चार एकरांचा किंवा चार कोटींचा ठेवील. आणि महिन्याचे पैसे महिन्यालाच पाठवावेत. एकरकमी दिलेला पैसा पहिल्या दोन महिन्यांतच आटतो, मग मूल घरी सांगायला लाजते आणि मेसचा एक वेळचा डबा बंद करते. हे आपल्याला कळतही नाही.

शेवटी आपल्या संस्थेकडे येतो. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा मिळाली की तो शिकतो, हे या राज्याने फार पूर्वी ओळखले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग उघडले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले, आणि मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्यांना जे दागिने मोडून करावे लागले ते आपल्याला टनामागे काही रुपयांत करता येईल.

माझ्या दोन सूचना आहेत, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यांवर बोलावे. पहिली, शिक्षण ठेव. सभासदाने लेखी मागणी केली तरच, टनाला दहा रुपये, त्याच्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने बँकेत. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे वर्षाला हजार रुपये होतात. मूल तिसरीत असताना सुरुवात केली तर बारावीपर्यंतच्या दहा हंगामांत दहा हजार, वर व्याज. म्हणजे खोलीचे सामान पोरगं दप्तर घेऊन शाळेत जात होतं तेव्हापासूनच जमत आलेले असेल. ही ठेव सक्तीची नको आणि बिनपरतीची तर मुळीच नको. कपातीच्या नावाने आपला सभासद पोळलेला आहे, त्याला पासबुक हातात मिळाले पाहिजे.

दुसरी सूचना बिनपैशाची. नागपूरसारख्या शहरात शिकणाऱ्या आपल्या मुलांची एक नोंदवही शेतकी कार्यालयात ठेवावी. शेवटच्या वर्षाची मुले उन्हाळ्यात खोली सोडतात तेव्हा गादी, बादली, दिवा, मच्छरदाणी कवडीमोलाने विकतात किंवा टाकून देतात. आणि दोन महिन्यांनी आपलीच दुसरी मुले तेच सामान नवे घेतात. नोंदवही असली तर जाणाऱ्याचे येणाऱ्याला मिळेल. सहकार म्हणजे तरी दुसरे काय?

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. बंधूंनो, पोराचे पाय वाढणारच, वाढावेत म्हणून तर त्याला पाठवतो. तेव्हा त्याचे अंथरूण किती लांबीचे आणि कुठल्या पैशाचे, हे जुलैच्या गडबडीत नको, आदल्या हंगामाचे बिल हातात असतानाच ठरवावे.

जय किसान! जय सहकार!

— एक सभासद