बियाण्याची पावती मिळते, या निदानाची मिळत नाही



बोगस बियाण्याने आपण अनेकदा नागवले गेलो आहोत. पण बियाण्याचे एक बरे असते. पेरल्यावर आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. उगवले नाही तर पिशवी, लेबल आणि पावती घेऊन तक्रार करता येते, पंचनामा होतो. भरपाई मिळो न मिळो, आपण फसलो हे तरी कळते. एक धंदा मात्र असा आहे की त्यात गिऱ्हाइकाला आपण फसलो हे जन्मात कळत नाही. तो धंदा म्हणजे सोनोग्राफी करून पोटात मुलगा आहे की मुलगी, हे चोरून सांगण्याचा.

यंत्राला काय दिसते ते आधी समजून घेऊ. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी पोटात सोडतात. त्या आतून आपटून परत येतात आणि पडद्यावर सावलीसारखे चित्र उमटते. गर्भाचे लिंग गर्भ राहतो त्याच क्षणी ठरते, पण बाहेरून दिसणारे अवयव पहिले दोन-अडीच महिने मुलाचे आणि मुलीचे सारखेच असतात. अकराव्या आठवड्यात चांगल्या यंत्रावर चांगल्या तज्ज्ञाने पाहिले तरी दहातले सुमारे तीन अंदाज चुकतात, आणि त्यात मुलग्याला मुलगी समजण्याची चूक जास्त होते. तेराव्या आठवड्यानंतर चुका फार कमी उरतात. तेही गर्भ नीट वळलेला असेल, नाळ आड येत नसेल आणि बघणारा शिकलेला असेल तर. जीपमध्ये यंत्र टाकून वस्त्यांवर फिरणाऱ्याकडे यातले काय असते?

आता धंद्याचा हिशेब मांडू. समजा एखाद्या भामट्याला पडद्यावरचे काहीच कळत नाही. त्याने 'मुलगा' म्हटले आणि मुलगी झाली, तर घरचे जाब विचारायला येतील. त्याने 'मुलगी' म्हटले आणि घरच्यांनी गर्भ पाडला, तर पुरावाच संपला. गर्भपाताचे पैसे मिळाले ते वेगळेच. आणि 'मुलगी' म्हटल्यावरही कोणी गर्भ ठेवला व मुलगा झाला, तर ते घर पेढे वाटेल, तक्रार करणार नाही. म्हणजे कसेही झाले तरी 'मुलगी' म्हणण्यात त्याचा फायदा आहे. शंभर बायकांना डोळे मिटून 'मुलगी' सांगितले तर त्यांतल्या पन्नासएक जणींच्या पोटात मुलगाच असणार. वंशाच्या दिव्यासाठी पैसे मोजून किती घरांनी आपलाच दिवा विझवला असेल, ते कोणाला कळणार? ना पावती, ना पंचनामा. धंदाच बेकायदा, तेव्हा दाद कुठे मागणार?

पण एवढ्यावर थांबलो तर आपण चूक करू. 'यंत्र चुकते म्हणून जाऊ नका' असे म्हटले, तर यंत्र सुधारल्यावर काय म्हणणार? आज आईच्या रक्ताच्या तपासणीतूनही गर्भाचे लिंग कळू शकते आणि त्यात चूक क्वचितच होते. प्रश्न यंत्र खरे सांगते की खोटे, हा नाही. खरे सांगितले तर मुलगी जाते, खोटे सांगितले तर मुलगाही जातो. दोन्ही वेळा टेबलावर बाईच असते.

आकडे बघा. निसर्गात हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील मुलांत हजारामागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात त्या ८०७ होत्या, जळगावात ८४२, बुलढाण्यात ८५५. ही सगळी आपली कापूस-ज्वारीची शिवारे आहेत.

कोणी म्हणेल, गरिबीमुळे हे होते, कापसाला भाव मिळाला की थांबेल. कापसाच्या भावासाठी आपण भांडतोच, भांडत राहू. पण ही सबब टिकत नाही. त्याच २०११ मध्ये ऊस आणि दुधाच्या कोल्हापुरात हा आकडा ८६३ होता आणि गरीब गडचिरोलीत ९५० च्या वर. मुली गरिबीने कमी झालेल्या नाहीत. जिथे खिशात पैसा आणि जवळ यंत्र आले, तिथे त्या जास्त कमी झाल्या.

आणि दोष कोणाच्या माथी मारायचा? तिसरी मुलगी झाली म्हणून बाईला माहेरी धाडणारी घरे अजून आहेत. बाईच्या बीजात एक्स हाच एक गुणसूत्राचा प्रकार असतो. पुरुषाच्या बीजात एक्स किंवा वाय असतो, आणि त्यावरच मुलगी की मुलगा ते ठरते. पेरणाऱ्याने जे पेरले तेच उगवले, त्यात जमिनीचा काय गुन्हा?

त्याचे फळ आता आपल्याच अंगणात आले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, याला शेतीचे तोट्याचे गणित कारण आहेच. पण जी मुलगी जन्मालाच आली नाही, ती मांडवात कुठून येणार? निंदणी आणि कापसाची वेचणी ज्या हातांवर चालते, तेच हात आपण मोजून कमी केले.

कायदा आपल्याकडे लवकर आला. गर्भजल परीक्षेच्या काळातच, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. लिंग सांगणारा आणि विचारणारा, दोघांनाही तुरुंग आहे. बाईवर घरच्यांनी दबाव आणला असेच कायदा धरून चालतो. तरीही मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका बाईचा गर्भपातात जीव गेल्यावर तपास झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. गर्भपात करणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता.

एक गैरसमज नको. सोनोग्राफी वाईट नाही. बाळाची वाढ, जुळे, वार कुठे आहे, व्यंग आहे का, हे तीच सांगते. नोंदणी असलेल्या केंद्रात ती जरूर करून घ्या. कायद्याच्या अटींत गर्भपात हाही बाईचा हक्क आहे. गुन्हा आहे तो मुलगी म्हणून गर्भ पाडण्याचा.

येत्या बैठकीत दोन कामे करा. आपल्या गावच्या अंगणवाडीतून गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुला-मुलींचे आकडे आणा. एका गावावरून निष्कर्ष काढू नका. एका वाफ्यावरून वाण ठरत नाही. सगळ्या तालुक्याची बेरीज करा आणि ती सभेत मोठ्याने वाचा. दुसरे, चोरून लिंग सांगणारे यंत्र कुठे फिरते हे ज्याला माहीत आहे, त्याने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्यावी. एकट्याला भीती वाटत असेल तर तक्रारीवर दहा जणांनी सह्या कराव्यात. आणि त्या तक्रारीची पोच मात्र न विसरता घ्यावी.