कर्णनादाची फिर्याद

बाहेर कोणताही ध्वनी नसताना ज्याच्या कानात अहोरात्र शीळ किंवा गुंजारव चालू असतो, त्याला आपली व्यथा दुसऱ्यास दाखविता येत नाही. तापासारखी ती मोजता येत नाही, व्रणासारखी उघडी करता येत नाही, आणि म्हणूनच एखाद्या कीर्तिमंताच्या वाट्याला आल्यावाचून तिची दखल सहसा घेतली जात नाही. सुश्रुतसंहितेने २८ कर्णरोगांत कर्णनादाची स्वतंत्र गणना केली आहे. तथापि लोकांच्या स्मरणात राहिला तो बीथोव्हेन, ज्याने १८०१ साली, ऐन तिशीत, आपल्या वैद्यमित्रास कानांतील अखंड गुणगुणीची कैफियत पत्राने कळविली. चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या स्फोटापासून कान वाजू लागल्याचे अभिनेते विल्यम शॅटनर यांनी अनेकदा सांगितले. आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्याला ऐकण्यासाठी नवी मुंबईत प्रचंड जनसमुदाय लोटला, त्या कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनने तारुण्यात मोठ्या आवाजात ऐकलेल्या संगीताला आपल्या कर्णनादाचा दोष दिला असून, तो आता कानांत संरक्षक बुचे घालून गातो. गायिका अलका याज्ञिक यांचा विकार निराळा, विषाणूमुळे अकस्मात आलेल्या बधिरतेचा; परंतु जून २०२४ मध्ये तो जाहीर करताना त्यांनीही कर्कश संगीत आणि हेडफोन यांविषयी तरुणांना सावध केले. या मंडळींनी उघडपणे बोलून समाजावर उपकारच केले आहेत.

मला चिंता आहे ती ज्यांची जबानी कोणी घेत नाही त्यांची. दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या, म्हणजे रेच्यांच्या रांगांमधून सरकी व रुई वेगळी करणारे स्त्री-पुरुष पाळीच्या पाळी त्या घरघराटात उभे असतात, एकमेकांशी हाताच्या खुणांनी बोलतात, आणि कान दुखू लागला की समोरच पडलेल्या रुईचा बोळा करून आत सारतात. हा बोळा कानाला फसवितो. कारण सैल कापसातून आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत जातो, तर बोटांनी वळून आत घातल्यावर फुगून बसणारे फोमचे बूच तो खरोखर अडविते, आणि त्याची किंमत थोडक्या रुपयांत आहे. हंगाम संपून घरी आल्यावर रात्री एखादी बाई म्हणते, ‘कानमा शिटी वाजस’, आणि घरचे लोक तो अशक्तपणा समजून तिला झोपावयास सांगतात.

वस्तुतः तो अशक्तपणा नव्हे. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. सततच्या गोंगाटाने त्या मोडल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यांच्याकडून येणारे संदेश थांबल्यामुळे मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवून त्या उणिवेच्या जागी स्वतःच नाद निर्माण करतो, असा शास्त्रज्ञांचा प्रमुख तर्क आहे. वार्धक्य, साचलेला मळ, मध्यकर्णाचा जंतुसंसर्ग, ॲस्पिरिनची मोठी मात्रा, जेंटामायसिनसारखी औषधे, ही कारणेही नित्याचीच. मळ काढताच आवाज थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, म्हणून कान वाजू लागला की कानाच्या डॉक्टरांना दाखवावे, तेल ओतून वाट पाहू नये. नाद एकाच कानात असेल किंवा ऐकू येणे अचानक बंद झाले असेल, तर त्याच दिवशी जावे. जुनाट कर्णनाद समूळ घालविणारे औषध अद्याप नाही. श्रवणयंत्र, मंद पार्श्वध्वनी आणि समुपदेशन यांनी तो सुसह्य मात्र होतो.

८५ डेसिबलचा आवाज आठ तास आणि १०० डेसिबलचा अवघी पंधरा मिनिटे, अशी सुरक्षिततेची मर्यादा तज्ज्ञ सांगतात. हाताच्या अंतरावरील माणसाशी जेथे ओरडून बोलावे लागते, तेथे पहिली मर्यादा बहुधा ओलांडलेलीच असते. मग लग्नाच्या वरातीत जनरेटर आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीमध्ये टेम्पोवर बसून तासन्‌तास अहिराणी गाणी वाजविणाऱ्या पोराच्या कानांचे काय होत असेल? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, परंतु तिचा विचार आपण शेजाऱ्यांच्या निद्रेपुरताच करतो. वाजविणाऱ्याच्या श्रवणाची तजवीज कोणाच्याच दप्तरी नाही. अहिराणी गीतांना आज जी लोकप्रियता लाभली आहे तिचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि म्हणूनच ती गाणारे-वाजविणारे चाळिशीत बहिरे व्हावेत हे मला असह्य आहे.

गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे सरकारास रीतसर कळवावयाच्या व्याधींत, झाला होता. पण श्रवणचाचणीच झाली नाही तर कळविणार काय? हंगामी मजुराची नोंद हंगामाबरोबर मिटते, आणि पुढल्या वर्षी तो दुसऱ्या मालकाकडे लागला की आधीची हानी कोणाच्या खाती घालावी हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच की, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्येक जिनिंगमधील मजुरांची श्रवणचाचणी सक्तीची करावी. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांनी त्यासाठी पथके पाठवावीत. चाचणीचा दाखला मालकाच्या कपाटात न राहता मजुराच्या हाती द्यावा. आणि फोमच्या बुचांचा खर्च कारखानदाराने मजुरीतून न कापता स्वतः सोसावा. बँड व डीजेवाल्यांचा कारखाना नसतो, तेव्हा त्यांना वाजविण्याचा परवाना देतानाच ही बुचे दाखविण्याची अट पोलीस ठाण्याने घालावी.