पैसा शाळेला की शिकवण्याला?



दिवाळीच्या कार्यक्रमाचा हिशोब झाला आणि थोडे पैसे उरले, की दरवर्षी आपल्याकडे तीच चर्चा होते. गावाकडच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेला काहीतरी देऊया. यंदा ती बीस्टनला एका सभासदाच्या घरी चहाबरोबर झाली आणि दहा मिनिटांत ठरलंसुद्धा: एक डिजिटल फळा, काही टॅब आणि भिंतीवर मंडळाच्या नावाची पाटी. मी विरोध केला. कारण तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी एका शाळेला सहा संगणक दिले होते. नारळ, हार, फोटो, सगळं झालं. दोन वर्षांनी मी तिथे गेलो तेव्हा संगणक प्लास्टिकखाली झाकलेले आणि खोलीला कुलूप. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. पण बिघाड झाला तर दुरुस्ती कुठून करायची आणि विजेचं बिल कोण भरणार, याची त्यांना धास्ती होती. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. देणाऱ्यापुढे घेणारा सहसा बोलत नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं.

खाजगी पैसा सरकारी शाळेत कसा जातो, याचे दोन नमुने आपल्या नॉटिंगहॅममध्येच आहेत. पहिला सर्वांच्या ओळखीचा. १९८९ साली इथे कापड उद्योगातले हॅरी जनॉगली यांच्या नावाचं सिटी टेक्नॉलॉजी कॉलेज सुरू झालं. पुढे ब्लेअर सरकारच्या अकादमी योजनेत बिलबरोला २००९ मध्ये नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटी सॅमवर्थ अकादमी उघडली, त्यात विद्यापीठाबरोबर सर डेव्हिड सॅमवर्थ हे प्रायोजक होते. मुलांना नव्या इमारती मिळाल्या, हे मान्यच करायला हवं. पण या योजनेचा सुरुवातीचा हिशोब पाहा. प्रायोजकाने वीस लाख पौंडांपर्यंत द्यायचे, उरलेले कित्येक पट पैसे सरकारी तिजोरीतून यायचे, आणि शाळेच्या नियामक मंडळावर बहुमत मात्र प्रायोजकाच्या माणसांचं. भरतो कोण आणि ठरवतो कोण?

दुसरा नमुना आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असेल. १९६७ साली शेल कंपनीच्या पैशातून नॉटिंगहॅम विद्यापीठात गणित शिक्षणाचं एक केंद्र निघालं, शेल सेंटर. (तेल कंपनीचं नाव पाहून आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्याही पडल्या होत्या.) ह्यू बर्कहार्ट आणि माल्कम स्वॉन यांनी १९८०च्या दशकात तिथे जे केलं ते मुद्दाम वाचण्यासारखं आहे. सरकारी शाळांतल्या गणिताच्या परीक्षेत पाठ केलेल्या रीतीच विचारल्या जात, म्हणून वर्गातही तेवढंच शिकवलं जाई. त्यांनी परीक्षा मंडळालाच बरोबर घेतलं. परीक्षेत एका वेळी एकच नवा प्रकारचा प्रश्न आणायचा, तोही आधी सांगून. त्यासाठी साधारण तीन आठवडे पुरेल असं वर्गातलं साहित्य द्यायचं आणि शिक्षकांनी एकत्र बसून ते कसं वापरायचं याचाही आराखडा द्यायचा. प्रत्येक पाठ खऱ्या वर्गात वापरून, फसला तर दुरुस्त करून मगच छापायचा. १९८५ सालचा आलेखांवरचा त्यांचा संच शिक्षक आजही काढून वापरतात. पुढे गेट्स फाउंडेशनच्या पैशातून याच गटाने अमेरिकेतल्या शाळांसाठी सुमारे शंभर पाठ तयार केले. ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. १९७४ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काही वर्षं बसले. मुलं अडत होती ती बुद्धीपाशी नाही, पाठ्यपुस्तकाच्या भाषेपाशी, हे त्यातून पुढे आलं. असा शोध लागायला माणसांचा वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणलेली दत्तक शाळा योजना मला म्हणूनच खटकली. तिच्यात दरपत्रक होतं: ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी, मोठ्या महापालिकांच्या हद्दीत दोन आणि तीन कोटी. त्या बदल्यात देणगीदाराला हवं ते नाव शाळेच्या नावाला जोडता येणार. आणि रोख रक्कम नाही, वस्तू किंवा सेवा द्यायच्या. म्हणजे शाळेला काय हवं, यापेक्षा देणाऱ्याला काय देता येतं यावरच सगळं येऊन ठेपणार.

बैठकीत एकांनी विचारलं, शिक्षकांना पगार आहे, मग त्यांच्यावर आणखी खर्च कशाला? पगार सरकारनेच द्यावा, इमारत आणि संडासही सरकारनेच बांधावेत. ती जबाबदारी आपण अंगावर घेतली तर सरकारला हवंच आहे. पण निवडणुका, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं यांतून उरलेल्या वेळात शिक्षकाला काही नवं करून पाहायचं असेल, तर त्याला सरकारी खात्यात रकाना नसतो. आपले थोडे पैसे तिथे उपयोगी पडतील, आणि ते एकदाच न देता निदान तीन वर्षं द्यावेत.

बैठकीनंतर मी त्या शाळेतल्या बाईंना फोन केला. बराच वेळ त्या "तुम्ही द्याल ते चालेल" एवढंच म्हणत राहिल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बोलल्या. केंद्रातल्या पाच शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा, सकाळची शाळा सुटल्यावर शनिवारी दुपारी, भागाकार आणि अपूर्णांक कसे शिकवायचे यावर एकत्र बसायचंय. येण्याजाण्याचा खर्च, झेरॉक्स, मणी-काड्या-पुठ्ठा आणि चहा. वर्षाचा आकडा त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवला, तो डिजिटल फळ्याच्या निम्म्याहून कमी आहे. पाटी कुठे लावायची, ते मात्र त्यांनाही सुचलं नाही.